दुसरा क्लास घेताना

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या कुठल्याही टेबलावर एक भांडण ठरलेलं असतं. कुणाचं तरी पात्र पुढच्या लेव्हलला जातं आणि तो म्हणतो, "या वेळी फायटरची लेव्हल नको. विझर्डची घेतो." लगेच बाकीचे त्याला समजवायला लागतात. नको रे, वाट लावशील.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर. तो गोष्ट सांगतो, आणि बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र चालवतात. प्रत्येक पात्राला एक क्लास असतो, म्हणजे पेशा. फायटर लढतो, विझर्ड मंत्र टाकतो, क्लेरिक जखमा भरतो. जमेल की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. अनुभव साठत गेला की लेव्हल वाढते, एकपासून वीसपर्यंत. एकाच पात्रानं दोन पेशे घेतले की त्याला म्हणायचं मल्टिक्लास.

आमचं टेबल पेणला भरतं, शनिवारी रात्री, एका मित्राच्या घराच्या माळ्यावर. डीएमचं मेडिकलचं दुकान आहे. बाकी आम्ही चौघं लॅपटॉपवाले. मी रोह्याहून गाडीनं येते. निडी, नागोठणे, कासू आणि मग पेण. खेळ मराठीतच चालतो. बार्डला आम्ही सरळ शाहीर म्हणतो. रोग या क्लासचं नाव देवनागरीत लिहिलं की पात्र आजारी असल्यासारखं वाटतं, म्हणून तो आमच्याकडे चोर. मल्टिक्लासला मात्र आम्हाला मराठी शब्द सापडला नाही. डीएमच्या आईनं एकदा आमचा वाद ऐकून सुचवला होता: "एक ना धड, भाराभर चिंध्या."

त्यांची सूचना गंमतीची होती, पण नियमांचं पुस्तक उघडलं तर ती बऱ्यापैकी अचूक निघते.

आम्ही २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरतो. त्यात मल्टिक्लासिंग ऐच्छिक आहे. डीएमनं परवानगी दिली तरच. पहिली अट गुणांची. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे सहा गोष्टी आकड्यांत मांडलेल्या असतात आणि साधारण माणसाचा आकडा दहाच्या आसपास. जो क्लास आहे त्याला लागणारा गुण किमान १३ हवा आणि जो घ्यायचाय त्याचाही १३. म्हणजे फायटरला विझर्ड व्हायचं तर ताकद किंवा चपळाई १३, शिवाय बुद्धी १३. ही अट काही फार कडक नाही. थोडा बरा माणूस असलात की पुरे.

खरी किंमत पुढे मोजावी लागते. पाचव्या लेव्हलला फायटरला एका वळणात दोन वार करता येतात. पाचव्या लेव्हलला विझर्डला फायरबॉल मिळतो, एका फटक्यात खोलीभर शत्रू भाजून काढणारा. आता कुणी तीन लेव्हल फायटर आणि दोन लेव्हल विझर्ड केलं, तर बेरीज पाचच होते, पण दुसरा वारही नाही आणि फायरबॉलही नाही. टेबलावरचे बाकीचे सगळे मोठे झालेले असतात आणि हा त्यांच्यामागून धावत असतो. कारण त्या देणग्या क्लासची लेव्हल बघून मिळतात. एकूण लेव्हल किती, हे तिथे कुणी विचारत नाही.

मात्र एक गोष्ट एकूण लेव्हल बघूनच मिळते. तिचं नाव प्रॉफिशियन्सी बोनस. ज्यात तुम्ही तयार आहात ते काहीही करताना फाशावर मिळवायचा आकडा. पाचव्या लेव्हलला तो तीन असतो. तुम्ही निव्वळ फायटर असा, नाहीतर तीन-दोन असा विभागलेले असा. मला हा नियम फार आवडतो. दुनियेत वावरून आलेला एकंदर शहाणपणा तुमचाच राहतो, दिशा बदलली म्हणून कुणी तो काढून घेत नाही. पण एखाद्या कामातली खोली हवी असेल तर त्या कामापाशीच तेवढी वर्षं बसावं लागतं.

आणखी एक बारीक कलम आहे. सेव्हिंग थ्रो म्हणजे अचानक संकट आलं की स्वतःला वाचवण्यासाठी टाकायचा फासा. त्यातली तयारी फक्त पहिल्या क्लासकडून मिळते. नंतर कितीही क्लास घ्या, ती बदलत नाही. दचकल्यावर माणूस आपल्या पहिल्या पेशातच पळतो, असं नियम लिहिणाऱ्याला वाटलं असावं. मी लोणेऱ्याला केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि गेली सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळला की टीममधले बाकीचे लॉग उघडतात. माझा हात आधी येणारी रिक्वेस्ट थांबवायला जातो. आधी व्हॉल्व्ह बंद, मग कारण शोधा. हे मला कुठल्याही कोडिंगच्या कोर्सनं शिकवलेलं नाही.

---

हे नियम आधीपासून असे नव्हते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ बाजारात आणला तेव्हा फक्त एल्फ जमातीच्या पात्राला लढाई आणि जादू दोन्ही करायची मुभा होती. १९७८ साली ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सचं खेळाडूंसाठीचं पुस्तक आलं आणि त्यात दोन वेगळे रस्ते आखले गेले. कुणी कुठला धरायचा ते जन्मावर ठरायचं.

एल्फ, ड्वार्फ यांच्यासाठी पहिला रस्ता: दोन-तीन क्लास एकाच वेळी चालवा, पण मिळालेला प्रत्येक अनुभव सारखा वाटून घ्या. शिवाय कुणी काय व्हायचं याच्या याद्या होत्या. ड्वार्फला जादूगार होता येत नसे. एल्फ कितीही बलवान असला तरी फायटर म्हणून सातव्या लेव्हलपुढे जात नसे. आणि एका क्लासची मर्यादा गाठली तरी अनुभवाचा अर्धा वाटा त्या थांबलेल्या क्लासच्या नावावर वायाच जायचा.

हे वाचताना मराठी माणसाला फार कल्पना लढवावी लागत नाही. आपल्या गावगाड्यात हा नियम कुठे छापलेला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता. सुताराचा सुतार, कुंभाराचा कुंभार. क्लास जन्मताच कागदावर लिहिलेला, दुसरा घ्यायची सोय नाही. आणि ज्यांना टेबलाशी बसूच दिलं जात नव्हतं, त्यांची गोष्ट वेगळीच. महाडचं चवदार तळं आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथलं पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. लोणेऱ्याच्या ज्या विद्यापीठात मी शिकले त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. म्हणून "कुणाला कुठलाही क्लास घेता यावा" हे वाक्य मला खेळाच्या पुस्तकातही हलकं वाटत नाही. २००० साली तिसऱ्या आवृत्तीनं ते मान्य केलं: कुणीही, कुठल्याही लेव्हलला, कुठलाही क्लास. वाटणी फारच विषम झाली तर अनुभवातून वीस टक्के कापायचे, एवढाच दंड. पुढे तोही गेला.

१९७८ चा दुसरा रस्ता माणसांसाठी होता आणि तो आणखी विचित्र. माणसाला दोन क्लास एकत्र चालवता येत नसत. पहिला कायमचा सोडून दुसरा सुरू करायचा, तोही शून्यातून. त्यासाठी जुन्या क्लासचा गुण १५ आणि नव्याचा तब्बल १७ हवा. वर अट अशी, की नव्या क्लासची लेव्हल जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. सहाव्या लेव्हलचा फायटर जादू शिकतोय, समोर राक्षस आलाय आणि त्यानं घाबरून तलवारीचं कसब वापरलं, तर त्या मोहिमेचा अनुभव शून्य. नव्यानं जुन्याला ओलांडलं की मग दोन्ही विद्या मोकळ्या.

आमच्या टेबलावर या नियमाची यथेच्छ चेष्टा झालेली आहे. येत असलेली गोष्ट विसरल्यासारखं वागायचं, हा काय न्याय झाला?

१७ गुणांच्या अटीत बसणारं माणूस मात्र आमच्या रोह्याचं निघालं. चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. बालपणाचा बराच काळ रोह्यात गेला. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. मग केंब्रिजला जाऊन शिकले काय, तर वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पुन्हा पहिले. झाडांचा अभ्यास केलेला हा माणूस १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. मग अर्थमंत्री, १९५२ ला लोकसभेवर निवडून आले ते कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं. मग विद्यापीठ अनुदान आयोग, मग दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद. आणि या सगळ्यांत संस्कृत काही सुटलं नाही. कालिदासाचं मेघदूत त्यांनी मराठीत आणलं.

रोह्यात कुठल्याही मुलाला "बघ, सीडी देशमुख आपल्या गावचे" हे ऐकवलं जातं. मलाही ऐकवलं गेलं. पण १७ गुणांच्या माणसाकडे बघून १३ गुणांच्या माणसानं आपला हिशोब मांडू नये. माझ्यासमोरचा खरा नमुना घरातच होता. बाबा धाटावच्या एमआयडीसीत ऑपरेटर होते आणि शेतीही करायचे. रात्रपाळी करून आले की आवणात. भात कापून झालं की त्याच जमिनीत ओलीवर कडवे वाल. हे अगदी एल्फचं मल्टिक्लासिंग होतं: एकाच देहाचा दिवस, दोन ठिकाणी सारखा वाटलेला. कंपनीत ते सुपरवायझर झाले नाहीत आणि शेतीत काही नवीन करून बघायला त्यांना कधी वेळ मिळाला नाही. पण दोन्ही थांबलं असतं अशा वर्षांत आमच्या घरात पगार किंवा तांदूळ, काहीतरी एक नक्की यायचं. मल्टिक्लास कमकुवत असतो असं म्हणणारे हे मोजत नाहीत.

---

आता माझा हिशोब.

माझ्या मामांचा पेणला गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये हे वाक्य म्हणजे "मामांची रिक्षा आहे" म्हटल्यासारखंच. गल्लोगल्ली कारखाने आहेत, आणि जवळच्या हमरापूर-जोह्याकडे तर गावंच्या गावं या कामात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती कंटेनरमधून गणपतीच्या कितीतरी महिने आधीच निघतात, त्यामुळे कारखाना जवळपास वर्षभर चालू असतो. साच्यात माल ओतणारा वेगळा, साचा सुटल्यावर जोड घासून पॉलिश पेपर मारणारा वेगळा, अंगाचा रंग मारणारा वेगळा, सोनेरी काम करणाऱ्या बायका वेगळ्या. आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. मूर्ती तोवर नुसता रंगवलेला आकार असते. भुवई, पापणी, बुबुळ आणि त्यातला पांढरा ठिपका पडला की ती आपल्याकडे बघायला लागते. ठिपका केसभर सरकला तर नजर चुकते, आणि नजर चुकलेली मूर्ती गिऱ्हाईक घेत नाही. का घेत नाही हे त्यालाही सांगता येत नाही.

कारखान्यात आखणी फक्त मामा करतात. आणि गेल्या वर्षीपासून त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटतोय. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते काम भागवतात. ते स्वतःच म्हणाले, "अजून तीन हंगाम. फार तर." त्यांच्या मुलानं दुबईला नोकरी धरलेली आहे. लहानपणी दर मे महिन्यात मी त्या कारखान्यात ब्रश धुतलेले आहेत, आणि माझा हात बरा आहे असं मामा तेव्हापासून म्हणतात. तेरा गुण, थोडक्यात.

मी शनिवार-रविवार येते म्हटलं. मामांनी आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं. "दोन दगडांवर पाय ठेवून डोळे काढता येत नाहीत, बाय."

मी त्यांना आमच्या खेळाचा नियम समजावून सांगितला. एकूण लेव्हल वाया जात नाही, फक्त उशीर होतो, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या त्या खेळात शिकवणारा म्हातारा होतो का?"

होत नाही. पुस्तकात याचं उत्तरच नाही. लेव्हल वाढते ती राक्षस मारून, मोहिमा पार पाडून. फायटरला पहिला मंत्र कुणी शिकवला, त्याच्याकडे वेळ किती उरलाय, हे कुठल्याच तक्त्यात नाही. उशीर झाला तर खेळाडूचं नुकसान, एवढंच पुस्तक मोजतं. माझा उशीर मामांच्या मनगटातून जाणार होता.

पहिल्याच शनिवारी आणखी एक गोष्ट झाली. कारखान्यात ऑर्डरी वहीत लिहिलेल्या असतात. कुणाची दीड फुटी, कुणाची लालबागच्या बैठकीतली, कुणाचं पितांबर कुठल्या रंगाचं. ती वही बघून माझ्या डोक्यात लगेच ॲप तयार झालं. फोटो, रंग, तारीख, उरलेली रक्कम. मी मामांना स्क्रीन काढून दाखवली. मामांनी चष्मा वर करून बघितली. चांगली आहे म्हणाले. मग म्हणाले, "हे तुला येतंच. जे येतंय ते इथे कशाला करतेस? मोबाइल त्या डब्यात ठेव आणि ब्रश धर."

म्हणजे जुनी विद्या वापरली तर त्या दिवसाचा अनुभव शून्य. १९७८ चा नियम, ज्याची आम्ही चेष्टा करत होतो, तो पेणच्या एका कारखान्यात न छापता लागू होता.

आणि त्याचं कारण मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळलं. सॉफ्टवेअरमध्ये मी सहाव्या लेव्हलची आहे, ब्रशच्या बाबतीत पहिल्या. पहिल्या लेव्हलवर बसणं फार जड जातं. दोन तास एकच पापणी गिरवायची, ती वाकडी येते, शेजारी सोनेरी काम करणारी मावशी हसते. अशा वेळी हातात जी विद्या आहे तिच्याकडे पळावंसं वाटतं. ॲप बनवलं असतं तर सगळ्यांनी कौतुक केलं असतं. कारखान्याला उपयोग झाला असता. आणि मी तीन हंगाम ॲप सुधारत बसले असते. तो नियम जुनी विद्या काढून घेत नाही, तेवढी पळवाट बंद करतो. त्याच नियमात एक दिलासाही होता, तो आम्ही कधी नीट वाचला नव्हता: क्लास बदलला तरी आधी कमावलेले हिट पॉइंट तसेच राहतात. सहा वर्षं रिव्ह्यूमध्ये आपल्या कामावर लाल रेघा बघून जो निगरगट्टपणा आला, तो पापणी पुसून परत काढताना कामी येतो.

पण जुना नियम अख्खा घेणंही मला परवडणारं नाही. माझ्या सहा वर्षांना ब्रशनं ओलांडेपर्यंत मामांचे तीन हंगाम संपून गेलेले असतील. नोकरी सोडून पूर्णवेळ बसावं, तर हप्ते आहेत, आणि बाबांची पेन्शन सांगण्यासारखी नाही. म्हणून मी दोन्ही नियम जोडले. सोमवार ते शुक्रवार लॅपटॉप, २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे; त्याची लेव्हल कुणी काढून घेत नाही. शनिवार-रविवार १९७८. मोबाइल डब्यात, आणि सॉफ्टवेअरचं नाव काढायचं नाही. मामांना मी वर्षाला शंभर दिवस कबूल केलेत. ऑफिसात बढतीच्या यादीत या वर्षी माझं नाव नाही. शनिवारचे फोन उचलत नाही म्हटल्यावर ते होणारच होतं. माझा दुसरा वार उशिरा येणार, हे मी तक्त्यात वाचून ठेवलेलं आहे.

आमच्या टेबलावरही आता एक घरचा नियम आहे, डीएमच्या मान्यतेनं. ज्याला दुसरा क्लास घ्यायचा असेल त्यानं आधी गोष्टीतलं एक पात्र शोधायचं जे तो शिकवेल. आणि जिथे ते शिक्षण चालू आहे त्या सत्रात जुन्या क्लासचं काहीही वापरायचं नाही. एका सत्रापुरतंच. आमच्या चोरानं क्लेरिक व्हायचं ठरवलं तेव्हा त्याला अख्खी रात्र एका म्हाताऱ्या पुजाऱ्याबरोबर देऊळ झाडावं लागलं, कुलूप समोर असूनही न उघडता. तो खूप वैतागला. नंतर म्हणाला, एवढ्या महिन्यांत हेच सत्र लक्षात राहिलं.

मामांनी मला सध्या सहा इंची मूर्तींवर ठेवलंय. गेल्या महिन्यातल्या चाळीसांच्या लॉटमध्ये त्यांनी अकरा मूर्तींचे डोळे पुसून परत काढले. त्याआधीच्या लॉटमध्ये सव्वीस होते. ते एकेक मूर्ती उचलतात, खिडकीकडे धरतात आणि काही न बोलता डावीकडे किंवा उजवीकडे ठेवतात. डावीकडच्या परत करायच्या. त्या करताना त्यांचं मनगट धरायला आता मी बसते. म्हणजे ब्रश त्यांच्या हातात, आणि तो कुठे थांबतो, कुठे वळतो, ते मला माझ्या बोटांना कळतं.

पुढच्या शनिवारी एक फुटी देतो म्हणालेत. रात्री खेळाला उशीर होईल, असं ग्रुपवर कळवून ठेवलंय.